कोयते निघण्याआधी: बचत गटाचे पैसे आणि हिशेब मोबाइलवर आणण्याची रीत

बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतील अनेक गावांत दिवाळीनंतर बचत गटाची बैठक निम्म्याच महिलांची भरते. उरलेल्या सदस्या कोयता घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या हद्दीत गेलेल्या असतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, गावी परतत नाहीत. त्या काळात त्यांची बचत थांबते, अंतर्गत कर्जाचा हप्ता चुकतो, गटाची नियमितता मोडते आणि पुढच्या कर्जाच्या वेळी बँक नेमके त्यावर बोट ठेवते. फोनवरून पैसे पाठवण्याची सोय आल्यापासून ही अडचण सुटण्याजोगी झाली आहे, पण ती आपोआप सुटलेली नाही. उसाच्या फडावरून पाठवलेले दोनशे रुपये गटाच्या खात्यात आले की सचिवांच्या मुलाच्या खात्यात, आणि वहीत त्यांची नोंद कोणी केली, हे प्रश्न फोन सोडवत नाही. गटाच्या सचिव, कोषाध्यक्ष, गावातील सीआरपी ताई (गटांना मदत करणारी समुदाय संसाधन व्यक्ती) आणि ज्या घरात फोन आईचा पण वापर लेकीचा असतो अशा घरातील लेकी, यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

आधी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण मराठवाड्यात दोन वेगळ्या गोष्टींना सरसकट ‘गट’ म्हटले जाते. पहिला प्रकार स्वयंसहाय्यता समूहाचा. नाबार्ड या शेती व ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये गट आणि बँक यांच्या जोडणीचा कार्यक्रम सुरू केला. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि त्यानंतर उमेद (राज्य ग्रामीण जीवनोन्नती) अभियान यांनी राज्यभर जी बांधणी केली, ती याच पद्धतीची आहे. यात बचत गटाची असते, बँकेचे कर्ज गटाच्या नावावर येते आणि कोणाला किती द्यायचे हे बैठक ठरवते. लातूर-धाराशिव पट्ट्यात १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्बांधणीच्या कामात स्त्रिया मोठ्या संख्येने पुढे आल्या होत्या, त्यामुळे तेथे एकत्र बसून हिशेब विचारण्याची सवय मोबाइलपेक्षा पुष्कळ जुनी आहे. दुसरा प्रकार मायक्रो फायनान्स कंपनीच्या गटाचा. तेथे कर्ज प्रत्येक महिलेच्या स्वतंत्र नावावर असते, शेजारणी एकमेकींना जामीन राहतात आणि गटाचा स्वतःचा निधी असा काही नसतो. पहिल्या प्रकारात मोबाइलचा उपयोग हिशेब उघडा ठेवण्यासाठी होतो, तर दुसऱ्यात कंपनीला कर्ज लवकर देता यावे आणि वसुली सोपी व्हावी यासाठी. एकाच महिलेचे पाय दोन्हीकडे असतील, तर दोन्हीकडची काळजी वेगवेगळी घ्यावी लागते.

खात्याला जोडलेला नंबर कोणाचा?

कोणतेही अॅप उतरवून घेण्यापूर्वी गटातील प्रत्येक सदस्येने आपल्या बँक खात्याला आणि आधारला कोणता मोबाइल क्रमांक जोडलेला आहे, हे तपासून घ्यावे. माझ्या अनुभवात निम्मी गुंतागुंत येथेच असते. खाते उघडताना थोरल्या मुलाचा नंबर दिलेला असतो, तो मुलगा पुण्याला गेलेला असतो. किंवा नंबर सासऱ्यांचा असतो आणि रिचार्ज न झाल्याने ते सिम केव्हाच बंद पडलेले असते. बंद पडलेला क्रमांक कंपनी काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते आणि मग आपल्या खात्याचे संदेश व ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागतात. बँकेत क्रमांक बदलण्यासाठी शाखेत अर्ज द्यावा लागतो आणि आधारवरील क्रमांक आधार केंद्रात जाऊन बदलता येतो. ही दोन स्वतंत्र कामे आहेत. एक केले म्हणजे दुसरे झाले, असे समजू नये.

आधार सर्वांत शेवटी ज्या खात्याशी जोडले असेल, त्या खात्यात आधारवर आधारित शासकीय अनुदान जमा होते. लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये ऑगस्ट २०२४ पासून खात्यात जमा होऊ लागले, तेव्हा अनेक महिलांना आपले पैसे विसरून गेलेल्या एखाद्या जुन्या खात्यात सापडले, ते यामुळेच. आधारच्या संकेतस्थळावर किंवा बँक मित्राकडे ही जोडणी पाहता येते. ती पाहून त्या बँकेचे नाव सदस्येच्या वैयक्तिक पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

बँक मित्राकडे अंगठा देताना

गावात शाखा नसली तरी बहुधा बँक मित्र किंवा बीसी सखी, म्हणजे बँकेच्या वतीने गावात व्यवहार करणारी व्यक्ती, असते. तेथे आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत काढता येतात. या व्यवहारात ओटीपी येत नाही आणि पिन लागत नाही. बोट हीच सही आणि बोट हीच चावी असते. म्हणून यंत्रावर बोट ठेवण्यापूर्वी पडद्यावरील रक्कम पाहावी. वाचता येत नसेल तर ती मोठ्याने म्हणायला लावावी, आणि आपल्याला फक्त शिल्लक पाहायची आहे की पैसे काढायचे आहेत, हे आपणच स्पष्ट शब्दांत सांगावे. ‘नुसती शिल्लक बघते’ म्हणून बोट घ्यायचे आणि प्रत्यक्षात रक्कम काढायची, ही या क्षेत्रातील जुनी लबाडी आहे. छापील पावती घेतल्याशिवाय उठू नये आणि महिन्यातून एकदा तरी शाखेत पासबुक भरून घ्यावे.

ऊस तोडणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या आणि राखेने भांडी घासणाऱ्या हातांचे ठसे झिजतात, त्यामुळे यंत्र वारंवार नकार देते. अशा वेळी हात ओल्या फडक्याने पुसून, कोरडे करून दुसरे बोट द्यावे. आधारमध्ये दहाही बोटांची नोंद असते, अंगठाच चालतो असे नाही. काही बँकांनी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोयही सुरू केली आहे. मात्र पडद्यावर ‘व्यवहार अयशस्वी’ असे आले, तर लगेच दुसऱ्यांदा ठसा देऊ नये. आधी शिल्लक तपासावी. खात्यातून रक्कम वजा झाली पण हातात पैसे आले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जमा व्हायला हवी, आणि उशीर झाल्यास प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम गटातील एका तरी सदस्येला तोंडपाठ असावा. ज्यांच्या आधारला स्वतःचा मोबाइल जोडलेला आहे, त्यांनी आधारच्या अधिकृत अॅपमधून ठशांना कुलूप लावून ठेवावे आणि पैसे काढायला जाताना तेवढ्यापुरते ते उघडावे.

गटाचा पैसा गटाच्याच खात्यात

एका गावात मी पाहिले की गटातील सर्व महिला आपली मासिक बचत सचिवांच्या पुतण्याच्या फोनवर पाठवत होत्या, कारण त्याच्याकडे क्यूआर कोड होता. पुतण्या प्रामाणिक होता आणि दर महिन्याला सगळी रक्कम काढून गटाच्या खात्यात भरतही होता. तरीही तीन महिन्यांनी दोन हप्त्यांवरून वाद झाला. बँकेच्या उताऱ्यात एकाच नावाने एकच मोठी रक्कम दिसत होती, कोणाचे किती हे कोठेच दिसत नव्हते. पैसे चोरीला गेले नव्हते, पुरावा मात्र नाहीसा झाला होता.

गटाचे खाते दोन किंवा तीन पदाधिकाऱ्यांच्या संयुक्त सह्यांवर चालते, त्यामुळे त्याला सहसा वैयक्तिक खात्यासारखी यूपीआयची सोय मिळत नाही. अनेक गट येथेच अडतात आणि मग पुतण्या शोधतात. वास्तविक पैसे स्वीकारण्यासाठी गटाला यूपीआयची गरजच नाही. यूपीआयच्या जवळजवळ प्रत्येक अॅपमध्ये बँक खात्यावर थेट पैसे पाठवण्याचा पर्याय असतो. त्यात गटाचा खाते क्रमांक आणि शाखेचा आयएफएससी कोड एकदा भरून ठेवला की फडावरूनही दोन मिनिटांत बचत पाठवता येते. पाठवताना टिपणीच्या जागी स्वतःचे नाव, महिना आणि ‘बचत’ किंवा ‘हप्ता’ हा शब्द लिहावा. बँकेच्या उताऱ्यात पाठवणाऱ्याचे नाव सहसा उमटते, पण नवऱ्याच्या फोनवरून पाठवले तर नाव नवऱ्याचे येते, म्हणून ही टीप महत्त्वाची. बँकांचे विलीनीकरण झाले की आयएफएससी बदलू शकतो. मराठवाड्यात ग्रामीण बँकेच्या खातेदारांनी हे आधीही अनुभवले आहे. त्यामुळे जुन्या पासबुकावरील कोड न वापरता शाखेतून चालू कोड विचारून घ्यावा.

ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे त्यांच्यासाठी *९९# ही इंटरनेटशिवाय चालणारी सेवा आहे आणि ती मराठीतही उपलब्ध आहे. २०२२ च्या मार्चपासून साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे ही व्यवस्थाही आली. त्यात ठरलेल्या क्रमांकावर फोन लावून सूचनांप्रमाणे व्यवहार करता येतो. मी या दोन्हींचा प्रसार फारसा झालेला पाहिलेला नाही. प्रत्यक्षात बहुतेक महिला मुकादमाच्या (तोडणी टोळीच्या प्रमुखाच्या) किंवा एखाद्या तरुण कामगाराच्या स्मार्टफोनवर अवलंबून राहतात. तसे करावे लागलेच, तर व्यवहाराचा क्रमांक त्याच दिवशी गटाला कळवावा.

गटाच्या खात्यातून पैसे काढण्याची बाब वेगळी आहे. काही बँकांनी बँक मित्राच्या यंत्रावर गटासाठी दुहेरी ओळखीची सोय केली आहे. तीनपैकी दोन पदाधिकाऱ्यांचे ठसे जुळल्याशिवाय त्यावर रक्कम निघत नाही. आपल्या शाखेत ती सोय असेल तर घ्यावी, नसेल तर चेक आणि सह्यांची जुनी पद्धत उत्तम आहे. दोन ठसे आवश्यक असताना ‘दुसरीचे नंतर घेऊ’ असे कोणी म्हणाले तर तेथून उठून यावे.

आधी वही, मग अॅप

नाबार्डने २०१५ मध्ये गटांचे हिशेब संगणकावर आणण्यासाठी ई-शक्ती प्रकल्प सुरू केला, तेव्हा पहिल्या दोन जिल्ह्यांत आपल्या राज्यातील धुळे होते. आता उमेदच्या गटांचे व्यवहार लोकओएस या अॅपवर नोंदवले जातात आणि ते काम बहुधा सीआरपी ताई करतात. यातील खरा धोका अॅपमध्ये नसून नोंद केव्हा केली जाते यात आहे. बैठक सोमवारी, नोंद गुरुवारी घरी बसून आठवणीने, असे झाले की वहीतील आकडा आणि अॅपमधील आकडा यांची फारकत होते. बँक अधिकारी अॅपमधील आकडा खरा धरतात आणि महिला वहीतील.

म्हणून क्रम ठरवून घ्यावा. बैठकीत रक्कम आली की प्रथम वहीत लिहावी, ती मोठ्याने वाचून दाखवावी, सदस्येच्या वैयक्तिक पासबुकात उतरवावी आणि त्यानंतर त्याच बसणीत अॅपमध्ये भरावी. गावात रेंज नसेल तर अॅपची नोंद नंतर होईल, पण ती वहीवरून व्हावी, आठवणीवरून नाही. बैठक संपल्यावर वहीच्या त्या पानाचा स्वच्छ फोटो गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकावा. कारखान्यावर गेलेल्या सदस्येने तो पाहून आपली रक्कम बरोबर आहे किंवा नाही, एवढे आवाजी संदेशाने सांगावे. लिहिता न येणाऱ्या महिलेला आवाजी संदेश फार सोयीचा पडतो. पाच-सहा महिने दूर असलेल्या सदस्येला बैठकीत धरून ठेवणारे याहून साधे साधन मला माहीत नाही.

पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. तो खोटा तयार करता येतो आणि खरा असला तरी कधी व्यवहार प्रलंबित राहून पैसे परत गेलेले असतात. कोषाध्यक्षांनी बँकेचा उतारा किंवा जमा झाल्याचा संदेश पाहिल्यानंतरच वहीत ‘जमा’ लिहावे, तोपर्यंत पेन्सिलीने टीप ठेवावी.

कंपनीच्या टॅबवर कर्ज घेताना

मायक्रो फायनान्स कंपनीचा प्रतिनिधी आज टॅब घेऊन ओसरीवर बसतो, आधारवरून माहिती भरतो, फोटो काढतो, पतमाहितीचा अहवाल मागवतो, ओटीपी विचारतो आणि कर्ज मंजूर करतो. पूर्वी कागदावर सही करताना निदान कागद समोर असे. आता ओटीपी सांगणे हीच सही झाली आहे. तेव्हा कोणत्या मजकुराला आपण होकार देत आहोत हे ऐकल्याशिवाय ओटीपी सांगू नये.

रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून लागू केलेले नियम येथे कर्जदाराच्या बाजूने आहेत. वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्म वित्त कर्ज मानले जाते. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. व्याज, शुल्क आणि विमा यांचा सगळा तपशील एका साध्या माहितीपत्रकात द्यावा लागतो, आणि कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत लोन कार्ड, म्हणजे कर्ज व हप्त्यांच्या नोंदीचे कार्ड, द्यावे लागते. मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड घेता येत नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही, आणि शिवीगाळ वा धमकी तर कोणत्याच वेळी चालत नाही. कर्जासोबतचा विमा आपल्या स्पष्ट संमतीनेच घेता येतो.

टॅबवर उत्पन्नाच्या रकान्यात प्रतिनिधी काय भरतो, हे अवश्य विचारावे. निम्म्याची मर्यादा ओलांडू नये म्हणून उत्पन्न फुगवून लिहिले, तर कर्ज मिळते खरे, पण हप्ता खऱ्या उत्पन्नातूनच भरायचा असतो. आपल्याकडे रोकड सोयाबीन-कापसाच्या विक्रीला येते आणि हप्ता मात्र दर महिन्याला, कधी दर पंधरवड्याला मागितला जातो. कितीही चांगले अॅप आले तरी ही विसंगती त्याने मिटलेली नाही. त्यावर एवढाच उपाय आहे की सोयाबीन विकल्यावर जमल्यास एकरकमी रक्कम भरावी आणि ती पुढच्या हप्त्यांत न धरता मुद्दलातून वजा करावी, असे लेखी सांगावे.

व्याजाचा दर ऐकताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे ‘शेकडा एक रुपया’ हा दर सौम्य वाटतो. समजा ४०,००० रुपये २४ महिन्यांसाठी घेतले आणि मूळ रकमेवर शेवटपर्यंत दरमहा शेकडा एक रुपया व्याज धरले, तर व्याज ९,६०० रुपये होते आणि हप्ता सुमारे २,०६७ रुपये. मुद्दल दर महिन्याला घटत असताना व्याज मूळ रकमेवर आकारले जात असल्यामुळे हा दर प्रत्यक्षात वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. घटत्या शिलकेवर खरोखर वार्षिक १२ टक्के दर असता, तर एकूण व्याज सुमारे ५,१९० रुपयेच झाले असते. माहितीपत्रकात वार्षिक एकत्रित दर लिहिलेला असतो. तोंडी सांगितलेल्या दराऐवजी दोन कंपन्यांची तुलना त्या आकड्यावरून करावी. शिवाय हातात प्रत्यक्ष किती रुपये येणार, हेही विचारावे, कारण प्रक्रिया शुल्क आणि विमा वजा होऊन ४०,००० चे ३८ हजारांच्या घरात आलेले असू शकतात.

हप्ता भरताना कंपनीच्या नावाचा क्यूआर किंवा अधिकृत लिंकच वापरावी. प्रतिनिधीच्या वैयक्तिक क्रमांकावर, तो कितीही ओळखीचा असला तरी, पैसे पाठवू नयेत. ऑनलाइन भरणा केला तरी लोन कार्डवर नोंद घ्यावी. खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची परवानगी दिलेली असेल, तर ठरलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी तेवढी शिल्लक ठेवावी, नाहीतर बँक आणि कंपनी दोघेही शुल्क लावू शकतात. अनुदानाचे पैसे त्याच खात्यात येत असतील तर हप्ता त्यांतून कापला जाईल; ते नको असेल तर परवानगी देताना दुसरे खाते द्यावे.

नणंदेसाठी, जावेसाठी किंवा गावातल्या एखाद्या वजनदार बाईसाठी आपल्या नावावर कर्ज उचलून देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. आता तिचा परिणाम पुसला जात नाही. प्रत्येक कर्ज पतमाहिती कंपन्यांकडे (कर्जदारांच्या परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडे) नोंदवले जाते आणि थकबाकी आपल्याच नावावर दिसते. मायक्रो फायनान्स संस्थांच्या एमफिन या संघटनेने २०२५ पासून एका कर्जदाराला तीनपेक्षा जास्त संस्थांनी कर्ज देऊ नये अशी मर्यादा घातली आहे. म्हणजे दुसऱ्यासाठी उचललेले कर्ज आपल्या गरजेच्या वेळी आपलीच जागा अडवते. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. खरिपाच्या पीककर्जाआधी तो काढावा. न घेतलेले किंवा फेडून झालेले कर्ज त्यात दिसले तर लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण झाले नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

फसवणूक झालीच तर

फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अॅपने संपर्क यादी किंवा फोटो पाहण्याची परवानगी मागितली, तर ते काढून टाकावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत अशा अॅपना ती मुभा नाही. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही किंवा क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, हे बैठकीत पुन्हा पुन्हा सांगावे. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. पहिले काही तास फार मोलाचे असतात. बँक किंवा कंपनीने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही वा समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. पहिल्या तक्रारीची पोच जपून ठेवावी, कारण लोकपाल सर्वप्रथम तीच मागतात.

यातील बरीचशी कामे दसऱ्यानंतरच्या एका बैठकीत, कोयते निघण्याआधी, उरकता येतात. त्या बैठकीत जाणाऱ्या प्रत्येक सदस्येचा चालू क्रमांक वहीत लिहावा, तिची बाकी तिच्यासमोर वाचून दाखवावी, दूर असताना बचत किती आणि कोणत्या तारखेला पाठवायची याचा ठराव करावा, आणि ज्या फोनवरून ती पाठवणार आहे त्या फोनवरून गटाच्या खात्यात सर्वांसमक्ष एक रुपया पाठवून पाहावा. तो रुपया उताऱ्यात दिसला, की वहीत तिच्या नावापुढे लिहावा.